मैना घोडीचं झापड

१९७३ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, आणि नागपुरात घोड्याचा साज माझ्यासारखा शिवणारा दुसरा कोणी उरला नव्हता. ही बढाई नाही. होते त्यातले निम्मे मेले होते आणि निम्मे स्कूटरच्या सीटा शिवत बसले होते.

आधीच सांगून ठेवतो, मी भूत, करणी, उतारा असलं काही मानत नाही. छप्पन साली धम्म घेतला, त्या दिवसापासून घरात अंगारा नाही की लिंबू नाही. तुमच्या या सदरात लोक लिहितात ते नातू मला वाचून दाखवतो. कोणाची एसटी चुकते आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते. कोणाला पिंपळाखाली कोणी तंबाखू मागतं. मी नातवाला म्हणतो, पुढचं पान काढ. या लोकांचं पोट साफ होत नसेल, दुसरं काय... माझ्या बाबतीत जे झालं ते सकाळच्या लख्ख उन्हात झालं, शिकलेल्या माणसाच्या देखत झालं. तो शिकलेला माणूससुद्धा मला धड उत्तर देऊ शकला नाही. म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला आहे. नातवानं यातले काही शब्द सुधारले होते, ते मी पुन्हा होते तसे करून घेतले.

दुकान माझं कामठी रोडला, इंदोऱ्याच्या पुढे. वडील कामठीच्या छावणीत खोगिरं शिवायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. पुढे छावणीतले घोडे गेले, टांगे राहिले. मग टांगेही एकेक करून चालले.

रमेश माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. बाप कामठीत पॉवरलूमवर. पोरगा डोक्यानं चांगला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि हा विमान चालवायला शिकू लागला. विमानतळाच्या कडेला एक शाळा होती, पत्र्याचा हँगर, दोन सिटांची लहान विमानं. नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता.

आता तिथलं एक शिक्षण समजून घ्या, नाही तर पुढचं डोक्यावरून जाईल. विमान ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हा समोरच्या घड्याळांचे काटे पाहून चालवावं लागतं. हे शिकवायला पोराच्या डोळ्यांवर असं काहीतरी घालतात की त्याला फक्त काटे दिसावे, खिडकीबाहेरचं दिसू नये. बाजूच्या सिटेवर शिकवणारा साहेब उघड्या डोळ्यांनी बसलेला असतो. रमेशची खोड एकच, तो चोरून बाहेर पाहायचा. परीक्षेत त्यानं मान उचलली आणि परीक्षकानं पकडलं. नापास. दुसरी आणि शेवटची संधी बारा दिवसांनी, शनिवारी सकाळी. त्यात गेला तर शिष्यवृत्ती बंद, आणि रमेश बापाच्या शेजारी लूमवर.

बहीण दुकानात येऊन बसली. म्हणाली, साहेबाले भेट, हातापाया पड. हातापाया पडायला मी गेलो नाही. पाहायला गेलो.

शिकवणाऱ्या साहेबांना सगळे कॅप्टन म्हणत. पुण्याकडचे, बोलायला सरळ माणूस. त्यांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या आणि म्हणाले, यातली कोणती रमेशला द्यावी तेच मला कळत नाही. पहिली कापडाची कनात. सिटेभोवती लावायची. आतला माणूस उकडून मरणार आणि साहेबालाही एका बाजूचं दिसणार नाही. दुसरी प्लास्टिकची टोपी, परदेशातून आणलेली, समोर बदकासारखी चोच. मी घातली, मान दोन बोटं वर केली, हँगरच्या दारातला कुत्रा दिसला. तिसरा चष्मा, काचांचा वरचा भाग घासून पांढरा केलेला. तो नाकावर जरा घसरला की वरून सगळं गाव दिसतं. एवढी शिकलेली माणसं, एवढी महागाची विमानं, आणि पोराचे दोन डोळे झाकता येत नव्हते यांना.

"साहेब," मी म्हटलं, "याच्यानं तं घोडा बी फसणार नाही."

कॅप्टन हसले. "मग घोडा कशानं फसतो, मिस्त्री?"

"घोडा फसत नाही. त्याले बाहेरचं दिसूच देत नाही आपण. मी शिवून देतो."

घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला चामड्याचं झापड असतं, ते तुम्ही पाहिलं असेल, नसेल तर तुमचं नशीब. चांगलं झापड सपाट नसतं. त्याला वाटीसारखा बाक असतो, आणि तो बाक चामड्याला बसायला महिनेच्या महिने लागतात. सरावाचे दिवस सोडता माझ्याजवळ चार दिवस होते. नवं चामडं घेऊन उपयोग नव्हता. दुकानात खुंटीवर एक जुनी जोडी टांगलेली होती. कामठी स्टँडवरच्या बन्सी टांगेवाल्याची, त्याच्या मैना नावाच्या घोडीची. दुरुस्तीला टाकून गेला तो दोन वर्षं आलाच नाही. स्टँडवर त्याचा टांगाही दिसेना. चामडं असं मुरलेलं, की हातात घेतलं की सोडवत नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. वडिलांचा नियम होता. जनावर जिवंत आहे तोवर त्याचं झापड मोडायचं नाही, दुसऱ्या कशाला लावायचं नाही. आधी जाऊन विचार, मग कापायला रापी लाव. हा देवाधर्माचा नियम नव्हता, धंद्याचा होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं, दोन वर्षं झाली, टांगा बंद, घोडी कधीच मेली असेल. कोणाला विचारत फिरू? बन्सीचं गावसुद्धा मला माहीत नव्हतं. पितळी फुल्या काढल्या, रापी लावली.

दोन्ही बाजूंना मैनेची झापडं, वर नव्या चामड्याचं छप्पर, आतून नमद्याचं लोकरी अस्तर, मागे बक्कल, अशी टोपी झाली. डोक्यावर घातली की नजर समोर खालीच जायची. कॅप्टननी स्वतः घालून पाहिलं. बराच वेळ मान इकडंतिकडं फिरवली. म्हणाले, यातून चोरून पाहता येणार नाही. पैसे विचारले. मी म्हटलं, पोरगा पास झाला की बोलू.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी रमेश तोंड पाडून दुकानात आला.

कॅप्टननी त्याला विमानाचं तोंड उमरेडकडे करून दिलं होतं. काटा जिथं आहे तिथंच ठेव, एवढंच काम. आणि विमान डावीकडे वळत वळत मौद्याकडे गेलं. कॅप्टननी टोपी काढायला लावली तेव्हा खाली कन्हान नदी.

"काटा पाहत नव्हता का बे?" मी म्हटलं.

"पाहूनच राहिलो होतो, मामाजी. काटा हालला नाही. कॅप्टन म्हणते का काटा सरसर फिरत होता. मी म्हणतो हालला नाही."

मी त्याला खोटारडा म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथं लिहीत नाही. चोरून बाहेर पाहता येईना तेव्हा पोराला आता काट्यातही खोट दिसायला लागली, असं माझं मत झालं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कॅप्टननी ती टोपी दुसऱ्या दोन पोरांना घालून नेलं. एक जबलपूरचा, एक आकोल्याचा. दोघंही उमरेडला निघाले आणि दोघंही मौद्याच्या अलीकडे नदीच्या त्याच वळणावर पोचले. दोघंही म्हणाले, काटा हालला नाही. बुधवारी कॅप्टननी रमेशला तो घासलेला चष्मा घातला. विमान ओढलेल्या दोरीसारखं उमरेडला गेलं.

बुधवारी संध्याकाळी कॅप्टन स्वतः दुकानात आले. शनिवारी परीक्षा आहे, चष्मा वापरू म्हणाले. आणि वर म्हणाले, "राग मानू नका मिस्त्री, पण तुमची टोपी डावीकडे जड असावी. डोकं कलतं, पोराला कळत नाही, हात डोक्यामागे जातो."

माझी टोपी जड! मी शेजारच्या सोनाराकडून काटा आणला. टोपीची शिवण मधोमध उसवली आणि कॅप्टनच्या देखत दोन्ही बाजू दोन पारड्यांत ठेवल्या. काटा मध्ये उभा. कॅप्टननी पारडी बदलून पाहिली. मग कान, वारा, शरीराची दिशाभूल, असं काहीतरी इंग्रजी-मराठी सांगायला लागले. मी म्हटलं, तिघायचेही कान मौद्याकडेच वळले का साहेब? शिकलेल्या माणसाला उत्तर आलं नाही की तो घड्याळ पाहतो. त्यांनी पाहिलं.

"चष्म्यातून हा पोरगा पुन्हा चोरून पाहीन आणि पुन्हा पकडला जाईन," मी म्हटलं. "माह्या टोपीत दोष नाही. मला घालून न्या वर. मी तं विमान शिकलेलो नाही, मला काय सोंग करता येते?"

ते नाही म्हणाले. त्या रात्री टोपी पुन्हा शिवली आणि गुरुवारी दिवसभर ती घेऊन हँगरच्या दारात जाऊन बसलो. शुक्रवारी सकाळी आठला त्यांनी मला बसवलं. माझ्या हट्टीपणाचा कंटाळा आला असेल किंवा त्यांनाही जाणून घ्यायचं असेल.

विमानाची मला भीती वाटली नाही. टांग्याइतकंच हलतं, आवाज जास्त. वर गेल्यावर कॅप्टननी तोंड उमरेडकडे करून दिलं, माझ्या डोक्यावर टोपी बसवली, बक्कल आवळलं. एक घड्याळ बोटानं दाखवलं. म्हणाले, हा काटा या खुणेवर धरून ठेवा, बाकी काही करू नका. दांड्यावर माझे हात.

काटा खुणेवर होता. मी त्याच्यावरून नजर काढली नाही. मी चामड्यात बारीक टाका घालणारा माणूस, माझी नजर घसरत नाही. काटा खुणेवरच होता. पण थोड्या वेळानं हात सैल वाटायला लागले. टांगेवाला डुलकी घेतो, लगाम सुटतो आणि घोडा आपला आपण घराकडे चालत राहतो, तसं. आणि वास आला. भिजवलेल्या हरभऱ्याचा. ते चामडं मी तीनदा साबणानं धुतलं होतं, नमदा नवा होता. मला काही त्रास नव्हता, उलट फार बरं वाटत होतं, हे लिहायला मला आवडत नाही पण खरं आहे.

"मिस्त्री, हात सोडा. टोपी काढा."

काढली. खाली नदीचं वळण, काठावर मोठी चिंच, निळ्या चुन्याचं एक घर.

"काटा कुठे होता?" कॅप्टननी विचारलं.

"खुणेवर."

"एक पूर्ण चतकोर फिरला. मी पाहत होतो."

"हालला नाही," मी म्हटलं. आणि आपण काय बोललो ते मला कळलं. ज्यासाठी रमेशला मी खोटारडा म्हटलं तेच वाक्य, त्याच शब्दांत.

खाली उतरलो. मी टोपी पिशवीत टाकली, रमेशकडे न पाहता निघालो, आणि दुपारच्या एसटीनं मौद्याला गेलो. आता तिकडे वीज केंद्र झालं, मोठे धुराडे आहेत. तेव्हा शेतं आणि नदी. वरून पाहिलेली चिंच आणि निळं घर विचारत विचारत गेलो, तासभर चाललो.

चिंचेखाली एक घोडी बांधलेली होती. ओसरीवर बन्सी विडी ओढत बसला होता.

मी काही बोलायच्या आधी घोडीकडे पाहिलं. मैनाच होती. म्हातारी झालेली, पण जिवंत. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे.

बन्सीनं मला ओळखलं, लाजला. "झापड घ्यायले यायचंच राहिलं गा मिस्त्री. इची नजर गेली, टांगा विकला, गावाले आलो. आंधळीले झापड कायले?"

मी विचारलं, जनावराचं कसं चाललं आहे. तो म्हणाला, वाईट. खुंट्याला अडखळते, भिंतीला आदळते, पाण्यावर न्यायचं तर दोन माणसं लागतात. मग विडी विझवून म्हणाला, पण या आठवड्यात काय झालं काय माहीत. सकाळी साडेआठच्या सुमारास ती मान वर करते. आपल्याला काही ऐकू येत नसतं. थोड्या वेळानं त्या बाजूनं विमान येतं. विमान वर असलं की मैना सरळ चालत नदीवर जाते, दगड टाळून, पायवाटेनं, पाणी पिते, सरळ परत येते. विमान गेलं की पुन्हा खुंट्याला अडखळते.

"रोज?"

"बुधवारी अन् काल नाही आलं विमान. दोन्ही दिवस जागची हालली नाही. पाणी बी नाही प्यायली."

बुधवारी रमेशला चष्मा होता, गुरुवारी टोपी माझ्याजवळ होती. हे मी बन्सीला सांगितलेलं नव्हतं, सांगणार कसा?

त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी पिशवीतून टोपी काढून दाखवली, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मंग तं बरोबरच आहे नं भाऊ. तुमच्या पोरायचे डोळे उसने घेते मैना तेवढ्या वेळ."

असल्या बोलण्याचा मला तिटकारा आहे. तिला मी तसं सांगितलंही. म्हणालो, वहिनी, जनावर आवाजानं ओळखते, सवयीनं चालते. ती म्हणाली, "हो का. मंग सवय बाकीच्या वेळेस कुठी जाते?" बाई शिकलेली नव्हती. मीही नव्हतो. मी टोपी पिशवीत परत टाकली.

पन्नास वर्षं मी यावर विचार केला आहे. कॅप्टनला पुढे सगळं सांगितलं, त्यांनी योगायोग म्हटलं. नातू म्हणतो, तुम्ही सगळे एकमेकांचं ऐकून तसं करत असाल. मग बन्सीची घोडी कोणाचं ऐकत होती रे? तुमच्यातला कोणी आता पत्र लिहून मला आत्मा, लहरी, मागचा जन्म समजावेल. लिहू नका. मी वाचणार नाही. उत्तर माझ्याजवळ नाही, आणि तुमच्याजवळ तर मुळीच नाही.

माझ्याजवळ त्या संध्याकाळी एवढंच होतं, की मी जिवंत जनावराचं झापड न विचारता मोडलं होतं, आणि उद्या सकाळी रमेशची परीक्षा होती. ती टोपी घातली तर पोरगा मौद्याला येणार आणि लूमवर जाणार. नाही घातली तर ही आंधळी पाण्यावाचून खुंट्याला उभी राहणार. आणि चष्मा घाल म्हणायचं तर मला माझा शब्द गिळावा लागणार. शब्द गिळायची मला सवय नाही.

कामठीला बहिणीच्या घरी गेलो. रमेश जेवत होता.

"उद्या तो चष्मा घालजो," मी म्हटलं.

त्यानं घास खाली ठेवला. "तुमीच तं म्हटलं का त्याच्यातून गाव दिसते."

"दिसते. म्हणून सांगून राहिलो. तुह्या हातात आहे पाहायचं का नाही. मी आता तुले झाकून देत नाही." मग म्हटलं, "आणि काटा हालला नाही म्हणे तू, ते खरं होतं. मलेही नाही दिसला हालताना."

बहीण ताटात भात वाढता वाढता थांबली. त्या घरात मी कोणाला तू बरोबर होतास असं म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. जेवायला थांबलो नाही. दुकानात जाऊन टोपी टाका टाका उसवली, झापडं वेगळी केली, पितळी फुल्या परत बसवल्या, जुन्या पट्ट्याला जोडली.

रमेश पास झाला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. परीक्षक त्याला म्हणाला की या वेळी तुझी मान दगडासारखी होती.

तर त्या शनिवारी, परीक्षेच्या सकाळीच, पहिल्या एसटीनं मी मौद्याला गेलो. बन्सी अजून उठत होता. आंधळीले झापड कायले, असं तो पुन्हा म्हणाला नाही. मी मैनेच्या डोक्यावर तिचा साज चढवला, झापडं बसवली, बक्कल नेहमीच्या भोकात लावलं. साडेआठला विमानाचा आवाज आला. फार लांबून, उमरेडच्या बाजूनं. सरळ गेला आणि विरला. मैनेनं मान वर केली नाही. मी तिचा लगाम धरला, दगड टाळत पायवाटेनं तिला नदीवर नेलं, आणि तिचं पाणी पिऊन होईपर्यंत उभा राहिलो.